बाईंची नोकरी

कुरकुंभच्या एका रसायन कारखान्यात वर्षभरात तिसऱ्यांदा नवी यंत्रणा आली. आयुष्यभर हातानं व्हॉल्व्ह फिरवलेल्या सुभानमामांची बोटं नव्या पडद्यावर हटकून चुकीचं बटण दाबायची. शिकवायला नेमलेल्या ग्लॅडिसबाई रोज त्यांच्याशेजारी उभ्या राहून तेच ते न चिडता सांगायच्या.

शनिवारी प्रत्येकानं मोबाइलवर उत्तर द्यायचं होतं : समजलं की नाही?

"मी 'नाही' दाबतो," मामा म्हणाले. "मला अजून कायबी समजलं न्हाई. एकट्यानं रिअ‍ॅक्टर सांभाळायचा म्हंजी भ्या वाटतंय."

"मामा, येड्यागत काय करता?" सोबतचा कामगार आरिफ कुजबुजला. "साहेब म्हणतील, बाईंना शिकवताच येत न्हाई. बिचारीची नोकरी जाईल."

मामांनी बाईंकडे पाहिलं. त्या अजून कुणालातरी समजावून सांगत होत्या. मामांनी 'समजलं' दाबलं. बाकीच्यांनीही तेच दाबलं.

* * *

सोमवारी पडद्यावर लाल इशारा चमकू लागला तेव्हा मामांनी घाबरून "बाई!" अशी हाक मारली, पण सगळ्यांना समजलं म्हणून साहेबांनी बाईंना शनिवारीच कामावरून कमी केलं होतं.