चहा घेऊन जा

दंडावरच्या पट्टीनं रक्त तपासलं आणि भिंतीतला आवाज बोलू लागला. "रेगेकाका, अमोनिया फार वाढलाय. यकृताला तो काढून टाकता येत नाही, म्हणून मेंदूपर्यंत पोचतोय. विसरायला होईल, हात थरथरतील. अँब्युलन्स निघालीय. आधी दाराची कडी काढून ठेवा."

"कळलं," रेगेकाका म्हणाले. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला न कळायला काय झालं? "इतकं नीट समजावलंस, आता चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधण ठेवलं. कप घ्यायला वळले, तर ओट्यावर चहाचे भरलेले कप ओळीनं मांडलेले. सगळे गार, सगळ्यांवर साय धरलेली.

"कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही, काका. रिपोर्ट समजावला की दर वेळी तुम्ही माझ्यासाठी चहा करता. कडी काढा ना."

"काढतो की. पण कसला रिपोर्ट?"

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार जोरजोरात ठोठावू लागलं. काकांचा चेहरा उजळला.

"बघ, पाहुणे आले," असं म्हणत त्यांनी थरथरत्या हातानं आधणात आणखी दोन कप पाणी ओतलं.