बकुळाच्या नोंदी

चिंचेला बांधलेला निळा झोका. विहिरीत पोहताना नाकात गेलेलं पाणी. धाकट्या भावाच्या फुटलेल्या गुडघ्यावर दाबलेली हळद.

नव्या सॉफ्टवेअरने हे सगळं बाजूला काढून वर लिहिलं होतं : ‘व्यक्ती वेगळी. नाव बकुळा.’

इंदुमतीकाकूंची स्मृती आजारपणानंतर यंत्रावरच चालत असे. सकाळी ती जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात आणली, आणि शेजारी बसलेला भाऊ त्यांना ओळखू येईना.

“बकुळा म्हणजे मीच, एवढं म्हणा काकू,” तंत्रज्ञ शर्वरी म्हणाली. “तुमच्या संमतीशिवाय नोंदी जोडता येत नाहीत. न जोडलेल्या आज पुसल्या जातील.”

“दुसऱ्या बाईचं बालपण मी कशाला ढापू?”

“ताई, तूच गं ती!” यशवंत म्हणाला.

“अहो, मला ताई काय म्हणता? तुमच्या बहिणीला शोधा. तिचं आहे ते, तिला द्या.”

शर्वरीने ‘नकार’ नोंदवला.

लग्नात नवऱ्याने तांदळांत अंगठीने बकुळाचं नवं नाव लिहिलं, ‘इंदुमती’, तेव्हा ते ताट यशवंतने धरलं होतं.