सावलीतली भिंत

आमच्या ह्यांना जुन्या भयपटांची पोस्टर्स जमवून दुरुस्त करायचा नाद आहे. फाटलेल्या हडळीला पातळ कागदाचं ठिगळ लावतील, फिकं पडलेलं रक्त बारीक ब्रशने पुन्हा लालभडक करतील. उन्हाने रंग उडतात म्हणून आमच्या हॉलचे पडदे भर दुपारीही बंद. एवढी निगा ह्यांनी पोटच्या पोरांचीही राखली नाही.

सासूबाई गेल्या, तोवर सावलीतल्या सगळ्या भिंती भुतांनी बळकावल्या होत्या. त्यामुळे त्यांचा फोटो लागला पॅसेजच्या टोकाला, बिनपडद्याच्या खिडकीसमोर. "अहो, आईंचा फोटो तेवढा आत घ्या," असं मी दर उन्हाळ्यात म्हणायचे.

"आईचं काय, ती समजून घेते," हे उत्तर ठरलेलं.

परवा एक नावाजलेले संग्राहक ह्यांचं काम बघायला आले. प्रत्येक पोस्टरपुढे थांबून, मान डोलावून म्हणाले, "वा, भूत अगदी कालच मेल्यासारखं ताजं दिसतंय." ह्यांची छाती फुगत फुगत पॅसेजपर्यंत पोचली.

शेवटच्या चौकटीपाशी पाहुणे थबकले. काचेमागे पांढराफटक चेहरा, नाक-ओठ उडून गेलेले, उरलेले फक्त दोन काळे डोळे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.



"हिला मात्र तुम्ही अजून हात लावलेला दिसत नाही. कुठल्या सिनेमातली ही हडळ?"