न विचारलेला चहा

सबोहत खालाने दार उघडलं, तुलकीनच्या हातातली फाइल पाहिली आणि नुसती बाजूला झाली. 'ये, बस, चहा घे' हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. फरगाना खोऱ्यात दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. 

आज तुलकीन मुद्दाम उपाशी आला होता.

नगरपालिकेच्या परवाना खात्यात एकोणीस वर्षं काढली, पण कारवाईच्या जागी त्याने कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दाराला सील कसं ठोकायचं? म्हणून पाणी घरचं, नानचा तुकडाही घरचा. बाजारात त्याला 'बारमाही रोजेदार' म्हणत. लाच खाणारा परवडला, हा मेला काहीच खात नाही, असं तोंडावर ऐकवत.

परवा मात्र एका म्हाताऱ्या चांभाराने गयावया करत त्याच्या हाताचा मुका घेतला. बापाच्या वयाचा माणूस. सील तरीही ठोकलं गेलंच. तेव्हापासून जेवताना तो हात तुलकीनला नकोसा झाला होता. नोकरीवर लाथ मारण्याची छाती नव्हती. मग त्याने एक वाट काढली. पुढच्या घरी मीठ खायचं. एकदा ते पोटात गेलं की हात आपोआप बांधले जातील. मग साहेबांनी घरी बसवलं तरी बेहत्तर, मेहुण्याच्या वीटभट्टीवर काम होतंच.

पुढचं घर निघालं खालाचं. अंगणातल्या मातीच्या तंदुरात पऱ्हाट्या जाळून ती नान भाजायची आणि त्यावर दोन पोरक्या नाती पोसायची. नव्या नियमाने धुराला बंदी आली. गॅसची भट्टी नाही म्हणून तिचा परवान्याचा अर्ज तीनदा फेटाळला गेला होता.

नान नुकतेच निघाले होते. अंगणभर वास पसरला होता.

"वास छान सुटलाय, खाला."

"हं."

"सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

"मग आटप लवकर आणि घरी जा. बायको वाट बघत असेल."

तुलकीन कट्ट्यावर बसला. खोकला. घसा कोरडा पडलाय, असंही सुचवून पाहिलं. खालाने सगळे नान फडक्यात गुंडाळले आणि आत नेऊन ठेवले. आता सरळ मागण्याची सोय नव्हती. मागून खाल्लेलं मीठ माणसाला बांधत नाही, ते भिकेचं. देणाऱ्याने आपण होऊन दिलं पाहिजे. त्याला तिचा राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. एकोणीस वर्षांत आपण असे कोण झालो, की या बाईने आपल्याला चहाही विचारू नये?

तो उठला. गरम तंदुरावर त्याने लोखंडी झाकण ठेवलं, कड्यांतून तार ओवली, शिशाची गोळी दाबून सील केलं. हात सराईतपणे चालले, कारण त्यांना कुणी बांधलंच नव्हतं. त्याने दाखवलेल्या जागी खालाने सही केली आणि पेन पुसून परत दिलं.

मग ती आत गेली. बाहेर आली ती दस्तरखान घेऊन. ते तिने त्याच्यासमोर कट्ट्यावर अंथरलं, गरम नान मोडून तुकडे मांडले, चहा ओतला आणि पियाला त्याच्या हातात दिला.

"आता खा, बाळा," ती म्हणाली. "मघाशी जीव तुटत होता, पण विचारलं नाही. तुझ्या खात्यातल्या एर्गशला का काढलं, ठाऊक नसेल तुला. गेल्या महिन्यात तो इथे एक तुकडा खाऊन बसला आणि सील न ठोकता परत गेला. माझा तंदूर काय, आज नाही तर उद्या कुणीतरी बंद करणारच होतं. म्हटलं, तुझी नोकरी तरी वाचावी."