पाठवणीची तीन गाणी

“गाणी नऊच आहेत,” गोकुळ म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा सांगत होता आणि दर वेळी कारण नवं होतं. आधी फाइलींची नावं चुकली होती. मग एकाच बाईचं नाव दोन तऱ्हांनी पडल्यामुळे अल्बम फुटला होता. मग फोनने सारखी दिसणारी गाणी एकच समजून गिळली होती. खोडाळ्याच्या बाजारात गोकुळचं मोबाइलचं दुकान चालतं ते या कारणांवर. दुरुस्ती त्या मानाने कमी.

काउंटरपुढच्या बाकावर तीन पिढ्या ओळीने बसल्या होत्या. हर्षदा, जिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिचा बाप देवजी, मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. आणि देवजीची आई चैती. अल्बममध्ये आवाज तिचा होता, म्हणूनच बहुधा तिला कुणी काही विचारत नव्हतं.

चैती सूर्यमाळकडच्या पाड्यांतली धवलेरी. त्यांच्यात लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी गाते आणि लग्न लागतं. बारा गाणी, ठरलेल्या क्रमाने. पहिल्या नऊ गाण्यांना बाया मागून सूर धरतात. शेवटची तीन पाठवणीची, ती धवलेरी एकटीच गाते. बारांतलं कुठलंही गाणं गायला तिचा नवरा जिवंत लागतो. तो गेला की तिचं गाणं संपलं. चैतीचा मंगळू सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून तिने लग्नाचं गाणं ओठांवर येऊ दिलं नव्हतं. नव्या बाईला शिकवायलासुद्धा नाही. तोंडातून निघालं म्हणजे ते गायलंच, असा तिचा हिशेब.

म्हणून तर हा अल्बम. मंगळू नाशिकला दवाखान्यात पडला तेव्हा देवजीने ओळखलं, की बाप गेला तर बारा गाणीही जातील. त्याने धाकट्या भावाला, सावळाला, बापाच्या उशाशी बसवलं आणि स्वतः फोन घेऊन आईसमोर बसला. कारकुनाची बुद्धी, आधी नोंद, मग माणूस. एका दुपारात काम उरकलं. पुढे गोकुळनेच त्याचा अल्बम बांधून दिला, वर चैतीचा फोटो लावला. नवी धवलेरी लाडकी त्यावरच शिकली, भात लावताना कानात इअरफोन घालून. पण तिच्याकडे आली नऊच. पाठवणीची वेळ झाली की ती डीजेवाल्याला खूण करते आणि लोक चालवून घेतात. हर्षदा चालवून घेणार नव्हती. धवलेरीच्या नातीने डीजेवर घर सोडायचं, तर मग लग्नच कशाला, असं तिने बापाला सुनावलं होतं.

चैतीने मागे एकदा सांगितलं होतं, की तिने बाराही गायली. त्यावर देवजी म्हणाला होता, मशीनने खाल्ली असतील.

आता हर्षदाने पिशवीतून बापाचा जुना फोन काढला. पेटीच्या तळाशी सापडला होता. तो बघताच देवजीला एकदम आठवलं, की जीप भरत आली असेल आणि आईला उन्हाचं इतका वेळ बसवत नाही. गोकुळच्या मानाने ही कारणं फारच कच्ची होती. कुणी उठलं नाही.

गोकुळने फोनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. पुसलेलं परत आणायची युक्ती त्याच्याकडे होती. हिरवी पट्टी सरकत राहिली. मग एकाखाली एक तीन ओळी उमटल्या. गोकुळने वेळा वाचून दाखवल्या. नववं गाणं दुपारी तीनचं. दहावं तीन पंचवीसचं.

“हरवली नव्हती ही, देवजीभाऊ,” तो म्हणाला. “बाकी सगळं जागच्या जागी आहे. ही तीनच कुणीतरी निवडून पुसलीत.”

“वाजवू नको,” देवजी म्हणाला.

मग तो जमिनीकडे बघत सांगू लागला. नववं गाणं संपलं आणि सावळाचा फोन आला. तो उठून परसात गेला. बा गेला होता. देवजी फणसाच्या खोडाला धरून थोडा वेळ उभा राहिला. तीन गाणी उरली होती. आईला सांगितलं असतं तर ती कायमची राहिली असती. तो आत आला आणि म्हणाला, आये, पुढचं घे. फोन कुणाचा होता, हे आईने विचारलं नाही. त्याला ते बरंच वाटलं. दहाव्यापासून तिचा आवाज फाटत गेला. पाठवणीला कुणाचा फाटत नाही? दिवे लागायच्या वेळी त्याने बातमी आत्ताच आल्यासारखं केलं. मंगळू तिन्हीसांजेला गेला, असंच पाडा आजवर धरून चालला आहे. पुढे ती गाणी त्याच्याच्याने ऐकवेनात. त्याने पुसली.

“तुला अंधारात ठेवून गाऊन घेतली, आये. पाप माझं आहे.”

गोकुळने या वेळी काही कारण न देता स्पीकर बंद केला. हर्षदाने हळूच विचारलं, की आजीला माहीतच नव्हतं, तर गाण्यांना दोष कसला लागणार? लाडकीला पाठवायची का?

“नको पाठवू,” चैती म्हणाली. तिने देवजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू परसातनं आलास, तवाच तुजा तोंड बघून समजला मना. ती गाणी नवरीची नव्हती, पोरा. तुज्या बाची पाठवणी करत व्हते मी.”