तहान नाही

“चहा नको, मावशी. आमच्या धर्मात चालत नाही,” ईश्वरदास म्हणाला, तेव्हा जयवंताबाईंचा हात स्टोव्हच्या पंपावरच थांबला.

“काहून गा? चहानं काय केलं?”

“नियम आहे. चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही.”

“दारू नाही हे बेस हाये,” दारात उभी असलेली शेजारची यमुताई म्हणाली. “जयवंते, तुह्या जावयाले टाक यायच्या धर्मात. त्याच्या वाटचा चहा आपन पिऊ.”

जयवंताबाई खळखळून हसल्या. काही न समजता ओल्सनही हसला.

ओल्सन अमेरिकेतून आलेला, अजून विशीही न गाठलेला. ईश्वरदास नागपूरचाच, त्याच्याहून थोडा मोठा. दोघांचे पांढरे शर्ट, दोघांचे टाय, दोघांच्या खिशांवर काळा बिल्ला. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक म्हणून महिनाभर ते दारोदार हिंडत होते. धरमपेठेत ‘साहेब घरी नाहीत’ असा निरोप मोलकरणीकडून मिळाला होता, आणि तो देताना साहेब आत खाकरत होते. महाल भागात लोकांना ते साबण विकणारे वाटले. या वस्तीच्या तोंडाशी तर ‘नसबंदीवाले आले वं!’ अशी हाळी उठली आणि दोन बाप्ये मागच्या दाराने पसार झाले.

आज पहिल्यांदाच कुणीतरी आत बोलावून सतरंजी अंथरली होती. ‘बोला, ऐकतो,’ असं म्हटलं होतं. हे घर ईश्वरदासला गमवायचं नव्हतं.

“बरं, चहा नाही तं नाही. पानी तं चालते ना?”

“पाणी चालतं.”

जयवंताबाई माठाकडे वळल्या. पाणी काढता काढता त्यांनी विचारलं, “तू कुठचा गा, बापू? बोलनं तं इकडचंच दिसते तुहं.”

“गोळीबार चौकाजवळचा. घरी माग होते.”

“हं. मागवाल्यायचा.” माठावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. “त्या गल्लीत मी पोरगी होती तवा गवऱ्या इकाले येत जाओ.”

ईश्वरदासला आपल्या घराच्या ओट्याखालचा कोनाडा दिसला. तिथे जर्मनचा एक पेला पालथा घातलेला असे. तो गवऱ्यावालीचा. आई त्यात पाणी ओतायची ते उंचावरून, हात लांब ठेवून. ते सगळं मागे टाकून आलो, असं तो समजून चालला होता.

ताटलीत दोन गिलास घेऊन जयवंताबाई समोर आल्या. राखेने घासून लख्ख केलेले, काठोकाठ भरलेले. बाहेर मे महिना भाजत होता आणि सकाळपासून ईश्वरदासच्या पोटात घोटभर पाणी गेलं नव्हतं. त्याने हात पुढे करायचं ठरवलं. हात गुडघ्यावरच राहिला.

“याला उकळलेलंच पाणी लागतं, मावशी,” तो घाईने म्हणाला. “मागच्या महिन्यात फार आजारी होता.”

हे खरं होतं.

“आन् तुले?”

“मला... तहान नाही.”

कपाळावरचा घाम ओघळून त्याच्या टायवर पडला. दारातल्या यमुताईचं हसू मावळलं.

तेवढ्यात ओल्सनने एक गिलास उचलला. “नको, डॉक्टरांनी सांगितलंय,” ईश्वरदास इंग्रजीत पुटपुटला. ओल्सनने एकवार जयवंताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, गिलास ओठांना लावला आणि एका दमात रिकामा केला. मग हनुवटी पुसत म्हणाला, “खूप चांगला.” त्याला तेवढंच मराठी येत होतं.

“पोट धरून बसशीन रे बाबू,” यमुताई म्हणाली. पण आवाज मऊ झाला होता.

दुसरा गिलास ताटलीत तसाच होता. आता ईश्वरदासने हात पुढे केला. जयवंताबाईंनी ताटली हलकेच मागे घेतली आणि आपल्या मांडीजवळ खाली ठेवली.

“राहू दे. तहान नसून काहून पितं?”

मग पदर सावरून त्या समोर बसल्या. “सांग, काय सांगाले आलते.”

ईश्वरदास सांगू लागला. रोज घडाघडा म्हणायची ती पाठ वाक्यं आज मध्येच तुटत होती. जयवंताबाईंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

“आमी छप्पन साली धर्म घेतला, तवा उभं राहून प्रतिज्ञा म्हनल्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात काय करते?”

“बाप्तिस्मा देतात. हौदात उभं करून पाण्यात बुडवतात.”

“पुरं?”

“पुरं. दोन साक्षीदार बाजूला उभे राहून बघतात. पायाचं बोट जरी पाण्याच्या वर राहिलं, तरी पुन्हा बुडवावं लागतं.”

जयवंताबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो पुन्हा गुडघ्यावर गेला होता.

“तुह्या वक्ताले पाहनाऱ्यायनं नीट पाह्यलं नाही वाटते, बापू.”

रागावून बोलल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्या तर एखाद्या पोराच्या सदऱ्याचं बटण निसटलेलं दाखवावं, तशा बोलल्या.

‘बाप्तिस्मा’ हा शब्द तेवढा ओल्सनला कळला होता. महिनाभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्याबद्दल स्वतःहून विचारत होतं. तो सतरंजीवर पुढे सरकला. त्याचे निळे डोळे चमकत होते.

“काय म्हणाल्या त्या?” त्याने इंग्रजीत विचारलं.

ईश्वरदास बोलायला गेला. जीभ टाळूला चिकटली होती.