बेलभंडार

उस्मानपुऱ्यात मुलाच्या फ्लॅटवर काकासाहेब पलंगाला खिळून होते. लकव्यानं उजवा हात गेला होता. गावाहून, पाचोडहून आलेली त्यांच्या चुलतभावाची विधवा, गोजरबाई, आत आली तशी त्यांनी डाव्या हातानं सुनेला बाहेर जायची खूण केली.

बोलावणं त्यांचंच होतं. नाहीतर ती कशाला येते! याच उजव्या हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन काकासाहेबांनी गावच्या खंडोबापुढं शपथ घेतली होती, की सामाईक विहीर माझ्या एकट्याची. पंचांनी ती खरी मानली. धोंडिबानं, गोजरबाईच्या नवऱ्यानं, त्या धसक्यानं अंथरूण धरलं ते शेवटचंच. तिनं खंडोबाची वाट पाहिली. तो काही हलला नाही. मग ती गावभर सांगत सुटली, "देवबिव काय नाय. असता तर त्या खोटारड्याचा हात झडला असता."

आता तोच हात पांघरुणावर लाकडासारखा पडला होता. गोजरबाईनं तो डोळे भरून पाहिला. तिला लई बरं वाटलं.

"वहिनी," काकासाहेबांची जीभ जड झाली होती, "डाक्टर म्हणतो बीपीनं झालं. लोकं म्हणतेत, देवाच्या काठीला आवाज नसतो. तुमी तर म्हणायच्या, देव नाय."

"व्हय, म्हणत व्हते."

"मग तेवढं छातीठोक सांगा. झोप लागंना मला." त्यांनी उशाशी ठेवलेली वाटी दाखवली. त्यात भंडारा, वर बेलाचं पान. "बेलभंडार उचला आन् सांगा, देव नाय."

देव नाही, हे देवाची शपथ घेऊन सांगायचं! गोजरबाईला हसू आलं. नाही म्हटलं असतं, तर काकासाहेब निवांत झोपले असते. आहे म्हटलं असतं, तर नवस-सायास करून सुटले असते. तिला त्यांना सुटू द्यायचं नव्हतं.

"मला काय ठावं, भावजी? असंल. नसंल बी."

"वहिनी, हात जोडतो..." डावा हात वर आला. जोडायला दुसरा आला नाही.

गोजरबाईनं वाटीतला बेलभंडार त्यांच्या उजव्या तळव्यावर ओतला. "तुमीच इचारा त्याला. तुमची जुनी वळख हाय."

दारातून तिनं वळून पाहिलं. काकासाहेब डाव्या हातानं उजवा हात उचलायला धडपडत होते, आणि भंडारा पांघरुणावर सांडत होता.